जुने गोवे

जुने गोवे : गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील मांडवीच्या दक्षिण तीरावरचे ऐतिहासिक बंदरनगर. पणजीच्या पूर्वेस सु. १० किमी. मूळ गाव एला. कोकणीत ‘पोरणें गोंय’, पोर्तुगीज भाषेत ‘वेल्हा गोवा’. आदिलशाहीच्या काळात भरभराटीस आले, १५३० पासून पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सत्तेची राजधानी. येथील चर्च व कॉन्व्हेंट १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

नाव व स्थाननिश्चिती : वेल्हा गोवा आणि गोवा वेल्हा ही दोन वेगळी ठिकाणे. दुसरे, म्हणजे ‘थोरलें गोंय’, पणजी-मडगाव रस्त्यावर जुवारी नदीच्या बाजूस आहे. पणजीच्या बसस्थानकावर नावाची ही उलटापालट लक्षात न घेणारा प्रवासी अजूनही भलत्याच नदीकाठी उतरतो. कदंब राजघराण्याचे गोपकपट्टण ते हे गोवा वेल्हाच. अकराव्या शतकाच्या मध्यास, पहिल्या जयकेशीच्या कारकिर्दीत, राजधानी चंद्रपुराहून (हल्लीचे चांदोर) येथे आली, असे सामान्यतः मानतात. ओहोटीच्या वेळी तेथील काठावर चिऱ्यांच्या (जांभा दगडाच्या) बांधकामाच्या रांगा उघड्या पडतात. त्या बंदराच्या तटबंदीच्या असाव्यात.

अरबी लेखकांचे ‘सिंदाबूर’ कोणते, यावर एकमत नाही. हा शब्द ‘चंद्रपूर’ या नावाचे रूप असावा, हे मत ध्वनिसाम्यामुळे जास्त पटते. मात्र चौदाव्या शतकात अरब प्रवासी इब्न बतूता हेच नाव ३६ गावांच्या एका बेटाला देतो. ते वर्णन आतल्या भागातील चांदोरला लागू पडत नाही, तिसवाडीला पडते. तेव्हा नाव जुन्या राजधानीचे आणि वर्णन बेटाचे, असा मेळ घालणे युक्त ठरते. बेटावर दोन नगरे होती, एक हिंदूंचे प्राचीन व एक मुसलमानांनी जिंकल्यावर वसवलेले, असेही तो सांगतो. यातले दुसरे म्हणजे एला, असे काही अभ्यासक सुचवतात. परंतु एलाची वाढ जुवारीकाठचे बंदर गाळाने निकामी होऊ लागल्यावर, मुख्यतः १४७२ च्या बहमनी विजयानंतर झाली, हे मत अधिक सावध आहे.

धक्का व कमान : हे शहर नदीकडून बघायचे म्हणून बांधलेले. आजचा प्रवासी मात्र मागच्या हमरस्त्याने येतो, दोन मोठी चर्च पाहतो आणि बंदर न पाहताच परततो. म्हणून सुरुवात फेरीबोटीच्या धक्क्यापासून करावी. तेथून वर चढणारी वाट व्हाइसरॉयच्या कमानीखालून जाते. नवा व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात प्रवेश करी. वास्को द गामाचा पणतू फ्रांसिस्को द गामा याने ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारली. नदीकडील अंगावर पणजोबांचा पुतळा आहे. १९४८ मध्ये ती कोसळली व १९५४ मध्ये पुन्हा बांधली गेली. त्यामुळे सांधे, कोरीव काम यांवरून काळ ठरवताना बेताने घ्यावे.

कमानीच्या वर डावीकडे, सेंट कायतान चर्चच्या आवारात, काळ्या दगडाचा एक दरवाजा एकटाच उभा आहे. तो आदिलशाही वाड्याचा म्हणून दाखवतात. हा वाडा पुढे व्हाइसरॉयांचे निवासस्थान झाला आणि १८२० च्या सुमारास पाडला गेला. खांबांची घडण देवळाची वाटते. आधीच्या देवळाचे दगड वाड्यात वापरले असावेत. सेंट कायतानच्या घुमटाखाली जमिनीत विहीर आहे. ती देवळाची पुष्करणी, अशी लोकसमजूत आहे. नदीकाठच्या ओल्या जमिनीत पायाखालचे पाणी सांभाळण्यासाठी ती ठेवली असावी, हे स्पष्टीकरण रुक्ष असले तरी अधिक संभवनीय आहे.

मोठी चर्च : सेंट कॅथरीनच्या नावाचे से कॅथीड्रल (बांधकाम १५६२–१६१९) सु. ७६ मी. लांब व ५५ मी. रुंद आहे. दर्शनी भाग एकशिंगी दिसतो, कारण उत्तरेकडचा मनोरा १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातली सर्वांत मोठी घंटा आहे. शेजारच्या असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या मठात पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय आहे, शुक्रवारी बंद. लोक व्हाइसरॉयांच्या तसबिरींपाशी रेंगाळतात, पण बंदराच्या दृष्टीने मोलाचा ऐवज म्हणजे गलबतांची लढाई कोरलेला कदंबकालीन वीरगळ. तो आधी शोधावा.

बॉम जेझूस बॅसिलिका (१५९४–१६०५) रस्त्यापलीकडे आहे. तिचा तांबूस, उघडा चिरा मूळचा नव्हे. चर्चना बाहेरून चुन्याचा गिलावा असे. येथला १९५० च्या दशकात ‘मूळ रूप’ दाखवण्याच्या हौसेने खरवडला गेला. चिरा सच्छिद्र असतो. गिलावा नसला की गोव्याचा पाऊस थेट भिंतीत मुरतो, ऊन पडल्यावर दगडाचा पापुद्रा सुटतो, आणि बुरशी व झाडांची मुळे सांध्यांत शिरतात. गिलावा पुन्हा चढवावा की नाही, हा वाद त्यामुळेच आहे. आत ‘गोंयचो सायब’ म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष. चांदीची पेटी गोव्याच्याच सोनारांनी १६३६–३७ मध्ये घडवली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याचा, १६९८ मध्ये बसवलेला. पेटी बरीच उंचावर असल्याने खालून नक्षी नीट दिसत नाही. लहान दुर्बीण जवळ असल्यास उपयोग होतो. खांदे व गुडघे झाकणारा पेहराव अपेक्षित असतो. रविवारी सकाळी मिसा (चर्चमधील उपासना) चालू असताना नुसते बघायला जाऊ नये.

पवित्र टेकडी : पोर्तुगीज नाव मोंति सांतू. सेंट ऑगस्टीनचा मनोरा मूळ ४६ मी. उंच. १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आल्यावर मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळले व १९३१ मध्ये दर्शनी भाग निम्म्या मनोऱ्यासह गेला. त्याची घंटा आज पणजीच्या चर्चवर आहे. जॉर्जियाच्या केतेवान राणीचे मानले जाणारे अस्थिअवशेष याच भग्नावशेषांत सापडले. जवळच सेंट मोनिकाच्या कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे, आणि कड्याच्या टोकाशी रोझरीचे चर्च. मांडवीचे वळण, दिवाडी बेट आणि बंदराची जागा एका नजरेत येते ती येथूनच. उन्हे कलल्यावर जावे. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढते व पाय घसरतो.

ऱ्हास : गाळ व साथी ही दोन कारणे नेहमी एकत्र सांगतात. साथींमागेही चिराच असावा असे मानतात, कारण शौचकूपांचे पाणी सच्छिद्र दगडातून विहिरींत उतरे. व्हाइसरॉय १६९५ मध्ये पणेलीला व १७५९ मध्ये पणजीला राहावयास गेला. पणजी अधिकृत राजधानी झाली ती १८४३ मध्ये. ऐन भरात शहराची वस्ती दोन लाख होती, हा वारंवार छापला जाणारा आकडा फुगवलेला वाटतो. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांनी समोरच्या जुवे बेटावरचा किल्ला घेतला, तेव्हा ते शहराच्या अगदी दाराशी आले होते.

पलीकडचा तीर : धक्क्यावरून फेरीबोट दिवाडीला जाते. बेटावरील नार्वे हे सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान. तेथून दुसऱ्या फेरीने डिचोली तालुक्यातील नार्व्याला उतरता येते. स्थलांतरित देवाचे तेथील देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नव्याने बांधवले. एला येथील ब्रह्मपुरीच्या गोमंतेश्वराच्या देवळाकडे मात्र क्वचितच कोणी फिरकतो.

प्रवास : पणजीहून रायबंदरमार्गे जाणारी बस घ्यावी; वाटेतला लिन्यारिसचा पूल (१६३३–३४) हाही प्रेक्षणीय. जवळचे रेल्वेस्थानक करमळी. सगळे पायी बघण्यास पूर्ण दिवस लागतो. ३ डिसेंबरचे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त (सण) व त्याआधीचे नऊ दिवस गर्दीचे. तेव्हा इमारती निवांत बघता येत नाहीत, पण जत्रेचा बाजार भरतो आणि खाजें ही गोव्याची मिठाई ताजी मिळते. दर दहा वर्षांनी होणारे झेवियरचे शवप्रदर्शन २०२४–२५ मध्ये झाले.