मधमाशीचा डंख: दोष माशीत, विषात की अंगात?

इंदूरच्या मराठी घरांत बागकाम करताना कुणाला मधमाशी चावली की आजही पहिली शोधाशोध चुन्याच्या डबीची होते. घरात पान खाणारं कुणी उरलं नसेल तर खाण्याचा सोडा. तोही सापडला नाही तर लोखंडी किल्ली घासायची, कुंडीतली ओली माती थापायची, झेंडूचा पाला चुरडून लावायचा. थोड्या वेळाने ठणका उतरतो आणि श्रेय चुन्याला मिळतं. काहीच लावलं नसतं तरी तो बहुधा तेवढ्याच वेळात उतरला असता. पण काही थोड्या माणसांचं तसं होत नाही. डंख बोटाला झालेला असतो आणि पाच-दहा मिनिटांत पोटावर, पाठीवर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. युरोपातल्या पाहण्यांत असा सर्वांगी त्रास झालेल्या प्रौढांचं प्रमाण ०.३ ते ७.५ टक्के निघालं आहे. या माणसांच्या बोटाला काय लावायचं हा प्रश्नच फोल आहे, आणि तो फोल आहे हे वैद्यकाला उमगायला विसावं शतक उजाडावं लागलं.

आधी इथल्या बागांविषयी थोडं. कचऱ्यापासून खत करण्याची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत बसवली. त्या जागेवर आता कृषी महाविद्यालय आहे. तुकोगंज, रामबागेतली परसं आक्रसली तरी हौस गेलेली नाही. ती गच्चीवर चढली. भाजीच्या देठांचं खत, त्यावर तुळस, लिंबू, शेवगा, झेंडू, आणि फुलं आली की त्यामागोमाग माशा. लहानखुरी फुलोरी झुडपाच्या फांदीला पोळं लावते, सातेरी भिंतीच्या किंवा झाडाच्या पोकळीत राहते, आणि आग्यामाशी उंच झाडं, पाण्याच्या टाक्या, इमारतींचे सज्जे पसंत करते. पेट्यांतून पाळली जाणारी मेलिफेरा माशी आपल्याकडे नवखी: तिचं बस्तान १९६२ मध्ये हिमाचलातल्या नगरोटा बगवाँ इथे बसलं.

आग्या मोहोळ उठलं तर तो प्रसंगच निराळा. शेकडो डंखांचं विष कुणाच्याही अंगात गेलं की रक्तपेशी फुटतात, स्नायू विरघळतात, मूत्रपिंडं निकामी होतात. त्याला ॲलर्जी लागत नाही. इथे विषय आहे तो एकाच डंखाचा. फुलावर मध गोळा करणारी माशी सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. तण उपटताना मुठीत सापडली, पायाखाली आली किंवा बाहीत शिरली की मात्र नांगी मारते.

एकाच डंखाने माणूस दगावू शकतो, हे जुन्या वैद्यांनी पाहिलेलं असावं. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात कीटकल्प नावाचा अध्याय आहे. त्यात माशांचे सहा प्रकार दिले आहेत: कान्तारिका, कृष्णा, पिंगला, मधूलिका, काषायी आणि स्थालिका. त्या चावल्या की खाज, सूज, आग आणि वेदना होतात, आणि काषायी व स्थालिका प्राण घेतात, असं तिथे म्हटलं आहे. आज यातली कोणती माशी नेमकी कुठली हे जुळवत बसण्यात फारसं हशील नाही. लक्षात घेण्याजोगी आहे ती विचाराची दिशा. काहींना नुसती खाज आणि काहींना मरण, हा फरक दिसला तेव्हा तो माशीच्या जातीत शोधला गेला. उपायही दंशाच्या जागेवरचा: काळ्या वारुळाच्या मातीचा गोमूत्रातला लेप. कुंडीतली माती थापणारे आपण त्याच परंपरेतले. (माती आज मुळीच लावू नये. धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात.)

चुना आणि सोडा यांच्यामागचा तर्क बराच अलीकडचा आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन रे यांनी लाल मुंग्यांपासून मिळणाऱ्या आम्लाचं वर्णन केलं. ते फॉर्मिक आम्ल. मुंगीत आम्ल, तर तिच्या कुळातल्या मधमाशीतही तेच असणार, असं पुढे गृहीत धरलं गेलं. आम्लावर अल्कली हा उतारा, म्हणून चुना, सोडा, अमोनिया. गांधीलमाशीचं विष याच्या उलट मानलं गेलं आणि तिच्यासाठी व्हिनेगर सांगितलं जाऊ लागलं. कागदावर हिशेब अगदी चोख. पण १८९७ मध्येच प्राग इथे योसेफ लांगर यांनी मधमाशीच्या विषाचा अभ्यास करून दाखवलं की त्यातला मारक भाग फॉर्मिक आम्ल नाही. पुढे जर्मनीत हाबरमान यांच्या कामातून मेलिटिन हाती लागलं. २६ अमिनो आम्लांची ही साखळी कोरड्या विषात जवळजवळ निम्मी असते आणि ठणका मुख्यतः तिचा. त्वचेखाली शिरलेल्या या प्रथिनापर्यंत वरून लावलेला चुना पोचत नाही. तरीही दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकात मधमाशीचं आम्ल आणि त्यावर सोडा हा धडा आलाच. आजीची चुन्याची डबी आणि नातवाचं विज्ञानाचं पुस्तक यांचं इतकं एकमत क्वचितच होतं, आणि झालं ते नेमकं चुकीच्या गोष्टीवर.

दंशाच्या जागी खरोखर करण्यासारखी गोष्ट एकच: नांगी ताबडतोब काढणं. मधमाशीची नांगी करवतीसारखी दातेरी असल्याने ती कातडीत अडकते आणि माशी उडताना विषाच्या पिशवीसकट तुटून मागे राहते. माशी मरते, पण पिशवीचे स्नायू विष ढकलत राहतात. १९९४ मध्ये मोजमाप झालं तेव्हा पहिल्या वीस सेकंदांतच नव्वद टक्के विष आत गेलेलं आढळलं. प्रथमोपचाराची पुस्तकं मात्र वर्षानुवर्षं बजावत आली होती की चिमटीत धरू नका, पिशवी दाबली जाईल, कडक कार्डाने खरवडा. १९९६ मध्ये विशर, वेटर आणि कॅमॅझिन यांनी दोन्ही रीती ताडून पाहिल्या. खरवडा की उपटा, गांधीच्या आकारात फरक पडत नाही, उशीर केला तर पडतो. कार्ड शोधायला घरात धावणाऱ्याने विष आत जायला वेळच दिला. गांधीलमाशी नांगी मागे ठेवत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा मारू शकते. मधमाशीच्या नांगीतून आणखी एक गोष्ट सुटते, केळ्यासारख्या वासाचं एक रसायन, जे बाकीच्या माशांना ‘इथेच मारा’ असं सांगतं. म्हणून जवळ पोळं असेल तर नांगी काढून तिथून लांब जायचं.

माणूस का दगावतो, या प्रश्नाची दिशा फिरली ती एका जहाजावर. १९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या सागरी सफरीवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते. फिसालिया या समुद्री जीवाच्या झोंबणाऱ्या तंतूंतलं विष तपासायचं होतं. पॅरिसला परतल्यावर फिसालिया मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रफुलाचं विष घेतलं आणि कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. थोडं थोडं विष टोचत गेलं तर जनावर त्याला सरावेल, अशी अपेक्षा होती. लशींचा जमाना होता, सगळे तसाच विचार करत. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला पहिल्या मात्रेने काही झालं नाही. बावीस दिवसांनी तेवढीच मात्रा दिली. काही सेकंदांत तो धापा टाकू लागला, कोसळला आणि २५ मिनिटांत मेला. विष तेच, मात्रा तीच, बदललं होतं ते कुत्र्याचं अंग. फेब्रुवारी १९०२ मध्ये दोघांनी हे मांडलं, त्याला ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिलं, आणि १९१३ चं नोबेल रिशे यांना मिळालं.

“मला आधी चावली होती, तेव्हा काही झालं नव्हतं” या वाक्यावर विसंबणाऱ्या प्रत्येकाला नेपच्यूनची ही गोष्ट ऐकवावीशी वाटते. आधीचा साधा डंख ही पुढच्याची हमी नाही. कधीकधी अंग तयार होतं ते त्या आधीच्या डंखातच.

अंगात नेमकं काय बदलतं, याचे धागे सुटे पडलेले होते. इंदूरला वैद्यकीय शाळा निघाली त्याच १८७८ साली लाइपझिगला पाउल एर्लिख नावाच्या तरुणाने आपल्या प्रबंधात दाण्यांनी गच्च भरलेल्या एका पेशीचं वर्णन केलं होतं, ती मास्ट पेशी. त्या दाण्यांत हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन असतं, हे कळायला अनेक दशकं गेली. या पेशींवर स्वार होऊन बसणारं प्रतिपिंड, आयजीई, तर १९६६-६७ मध्ये सापडलं, अमेरिकेत काम करणारं इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधले संशोधक यांच्या स्वतंत्र शोधांतून. विषातली प्रथिनं या प्रतिपिंडांना भिडली की अंगभरच्या मास्ट पेशी एकदम रिकाम्या होतात. रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळतात. मारतं ते आपल्याच पेशींतलं रसायन. माशी निमित्त होते.

मधमाशीचा डंख आणि ॲनाफिलॅक्सिस यांची सांगड १९१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये वॉटरहाउस यांनी घातली. मग प्रश्न आला, अशा माणसाला सरावाची लस देता येईल का? १९२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्राऊन यांनी माशीच्या शेपटाकडच्या टोकाचा अर्क वापरला, म्हणजे ते बरोबर जागी पोचले होते. पण १९३० नंतर अमेरिकेत अख्खी माशी वाटून केलेला अर्क रूढ झाला आणि जवळजवळ पन्नास वर्षं तोच टोचला गेला. मेरी लव्हलेस या एकट्या पडलेल्या संशोधिका १९५६ पासून सांगत होत्या की विषाच्या पिशव्याच काढून वापरल्या पाहिजेत. १९७८ मध्ये बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शुद्ध विष, अख्ख्या माशीचा अर्क आणि औषध नसलेलं नुसतं दिखाऊ इंजेक्शन अशी सरळ तुलना झाली. विषाच्या लशीने बहुतेकांना वाचवलं, अख्ख्या माशीचा अर्क मात्र त्या दिखाऊ इंजेक्शनाइतकाच निरुपयोगी ठरला. वैद्यकाचा स्वतःचा चुना म्हणावा तो हाच! विषाची लस आज तीन ते पाच वर्षं देतात. मधमाशीच्या बाबतीत ती सुमारे ७७ ते ८४ टक्के लोकांना पूर्ण संरक्षण देते. आपल्याकडे ती सर्रास मिळत नाही.

मिळतं ते ॲड्रेनॅलिन, आणि ते जुनं आहे. जोकिची ताकामिने यांनी ते १९०१ मध्ये शुद्ध रूपात मिळवल्याचं जाहीर केलं, त्यानंतर दोन वर्षांत दम्यासाठी त्याची इंजेक्शनं देण्यात आली. रक्तवाहिन्या आवळणं, श्वासनलिका मोकळ्या करणं आणि मास्ट पेशींना आवर घालणं, ही तिन्ही कामं हे एकच औषध करतं. अँटिहिस्टामिनांची सुरुवात १९३७ ची, दानिएल बोव्हे यांच्या कामातून. खाज आणि गांधी यांवर ती उत्तम, कोसळलेल्या रक्तदाबावर आणि आवळलेल्या घशावर कुचकामी. तरी लोकांच्या तोंडी बसली ती अविल ही अँटिहिस्टामिनाची गोळी. गोळी घ्या, पडून राहा, सकाळपर्यंत बरं वाटेल, हा सल्ला आपल्याकडे चुन्याइतकाच सहज दिला जातो, आणि माझ्या मते चुन्यापेक्षा घातक आहे, कारण त्याला औषधाचा दिमाख आहे. ब्रिटनमध्ये पम्फ्री यांनी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या तेव्हा कीटकदंशात हृदय किंवा श्वास थांबण्यापर्यंतचा मध्यवर्ती वेळ १५ मिनिटं निघाला. गोळी पोटात विरघळेपर्यंत तेवढा वेळ जातो. त्यांच्याच नोंदींतून दुसरी गोष्ट उघड झाली: चक्कर आलेल्या माणसाला उठवून बसवलं किंवा चालवलं की तो जागीच जाऊ शकतो. त्याला आडवं ठेवून पाय उंच करायचे, धाप लागली असेल तरच टेकून बसू द्यायचं.

इंजेक्शन कुठे द्यायचं याचा निकालही तसा ताजा. कॅनडात एस्टेल सिमन्स यांनी १९९८ आणि २००१ मध्ये मोजून दाखवलं की मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनॅलिन दंडात किंवा कातडीखाली दिलेल्यापेक्षा लवकर रक्तात चढतं. मोठ्या माणसाला एका वेळी अर्धा मिलिग्रॅम. अमेरिकेत १९८७ पासून मिळणारं, स्वतःच टोचून घ्यायचं पेन आपल्याकडच्या औषधाच्या दुकानात सहजी मिळत नाही. काचेची कुपी स्वस्त असते आणि दवाखान्यात असायलाच हवी. ती फोडायला डॉक्टर कचरतात ते हृदयाच्या भीतीने. शिरेतून चुकीच्या मात्रेत दिल्यावर ती भीती खरी ठरते, मांडीत योग्य मात्रेत दिल्यावर क्वचितच.

बागेत रमणाऱ्यांत निवृत्त मंडळी पुष्कळ, आणि त्यांच्यापैकी अनेकांना रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असतं. या गोळ्यांमुळे ॲड्रेनॅलिनचा जोर कमी पडू शकतो. गोळी मनाने बंद करायची नाही, पण दंशाच्या वेळी डॉक्टरांना ती सांगायला हवी. नुसता हात कोपरापर्यंत सुजला, एक-दोन दिवस वाढत गेला आणि आठवडाभर राहिला, तर ती मोठी पण स्थानिक सूज. बर्फ आणि अँटिहिस्टामिन पुरतं, अँटिबायोटिक बहुधा फुकट जातं. दंशापासून दूरच्या जागी गांधी, आवाज बसणं, उलटी, धाप, चक्कर, यांतलं काही दिसलं तर १०८ लावायचा आणि ज्या रुग्णालयात आपत्कालीन विभाग चालू असेल तिथे पोचायचं. इंदूरकरांना एमवाय (महाराजा यशवंतराव रुग्णालय) सांगायला नको. बरं वाटू लागलं तरी काही तास तिथेच थांबायचं, कारण ही लाट काहींच्या अंगात काही तासांनी पुन्हा उसळते. घरी सोडताना कागदावर ‘मधमाशीदंश, ॲनाफिलॅक्सिस’ असं स्पष्ट लिहून मागावं. नुसतं ‘ॲलर्जी’ लिहिलेल्या चिठ्ठीवरून पुढच्या खेपेला दुसऱ्या डॉक्टरला काहीच कळत नाही.