मतदान संपलं, मोजणी बाकी: मधल्या काळाच्या राखणीचा इतिहास

मतदानाची वेळ संपली की केंद्राध्यक्ष रांगेपाशी येतात आणि सही केलेल्या, क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या वाटायला लागतात. पहिली चिठ्ठी मिळते रांगेत सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या माणसाला. तिथून क्रमांक दाराच्या दिशेने वाढत जातात. पुढून वाटत गेलं, तर वाटप चालू असतानाच मागे आणखी चार जण येऊन उभे राहतील. शेपटाकडून सुरुवात केली की रांग तिथेच बंद होते.

शेवटच्या चिठ्ठीवाल्याने मत दिलं की मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवरचं, म्हणजे अधिकाऱ्यांकडे असलेल्या भागावरचं, ‘क्लोज’ बटण दाबलं जातं आणि यंत्र त्यापुढे मत घेत नाही. एकूण किती मतं पडली तो आकडा फॉर्म १७सी मध्ये लिहिला जातो. उमेदवारांच्या हजर असलेल्या मतदान प्रतिनिधींना त्याची प्रत मिळते. मग यंत्र पेटीत जातं, पेटीला सील लागतं, त्यावर प्रतिनिधी हवं तर आपली सही किंवा मोहोर उमटवतात आणि पेटी स्ट्राँगरूमकडे निघते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पहिल्या टप्प्याचं मतदान १९ एप्रिलला झालं आणि मोजणी ४ जूनला. म्हणजे ४६ दिवस ती मतं कुणाच्या तरी राखणीत होती.

निवडणुकीच्या नियमांचा मोठा भाग या मधल्या काळासाठी लिहिलेला आहे. तो काळ आला कुठून, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

प्राचीन अथेन्सच्या न्यायालयांत असा काळ नव्हताच. इ.स.पू. चौथ्या शतकात तिथल्या प्रत्येक न्यायसदस्याला काशाच्या दोन चकत्या मिळत. एकीच्या मधल्या दांडीला आरपार भोक असे, दुसरीची दांडी भरीव. चिमटीत दोन्ही टोकं झाकून धरली की कोणती चकती हातात आहे ते शेजाऱ्यालाही कळत नसे. खरं मत काशाच्या भांड्यात आणि उरलेली चकती लाकडी भांड्यात टाकायची. काशाच्या भांड्याच्या झाकणाची फट इतकी अरुंद, की एका वेळी एकच चकती आत जावी. मतदान संपताच चकत्या भोकं पाडलेल्या फळीवर रचल्या जात आणि वादी-प्रतिवादींच्या डोळ्यांसमोर मोजल्या जात. मत झाकलेलं, मोजणी उघडी, आणि दोन्ही एकाच जागी.

रोममध्ये इ.स.पू. १३९ मध्ये निवडणुकीसाठी लेखी गुप्त मतदान आलं. मतदार एका अरुंद पुलावरून पेटीकडे जात. मतदाराला तिथेच गाठून दबाव आणणाऱ्यांना उभं राहायला जागा मिळू नये, म्हणून इ.स.पू. ११९ मध्ये मारियस या रोमन नेत्याने ते पूल आणखी अरुंद करायला लावले.

आधुनिक गुप्त मतदानाची सुरुवात १८५६ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींत झाली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत दुहेरी तळाची आणि दुहेरी बाजूंची एक मतपेटी सापडली. रिकामी पेटी दाखवून मतदान सुरू करायचं आणि कप्प्यात आधीच भरलेल्या मतपत्रिका नंतर सोडून द्यायच्या, अशी ती रचना होती. अमेरिकेत काचेच्या गोल मतपेट्या आल्या त्या याच दशकात.

ब्रिटनने १८७२ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा केला. त्याखालची पहिली संसदीय पोटनिवडणूक १५ ऑगस्ट १८७२ रोजी पाँटिफ्रॅक्टला झाली. हे गाव ज्येष्ठमधाच्या मिठाईसाठी प्रसिद्ध. मतपेटीच्या लाखेवर ठसा उठवला तो त्या मिठाईच्या वड्यांवर मारायच्या शिक्क्याने! ती पेटी आजही तिथल्या संग्रहालयात आहे.

या कायद्याने मोजणीची जागा मतदान केंद्रापासून तोडली. पेट्या एके ठिकाणी आणायच्या, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर उघडायच्या, प्रत्येक पेटीतल्या मतपत्रिकांची संख्या लिहून घ्यायची आणि मग सगळ्या मतपत्रिका एकत्र मिसळायच्या. कुणाला किती मतं पडली ते त्यानंतरच मोजायचं. मतपत्रिकेच्या पाठीवर क्रमांक छापलेला असे, म्हणून मोजताना पुढची बाजूच वर राहील याची काळजी घ्यायची. जमीनदार आपल्या कुळांवर दबाव आणून मतं मिळवत असत, त्या समाजासाठी हा कायदा होता. एका वाडीची पेटी वेगळी मोजली, तर कुणा एकाचं मत कळलं नाही तरी वाडीचं कळतंच, आणि राग वाडीवर काढता येतो. मिसळण्याचा नियम मला या कायद्यातला सर्वांत माणुसकीचा नियम वाटतो. पण त्याची किंमत म्हणून पेटी रस्त्यावर आली आणि तिच्या राखणीचा प्रश्न कायमचा मागे लागला.

फ्रान्सने ही किंमत दिली नाही. तिथे मोजणी केंद्रावरच होते, मोजायला मतदारांतूनच माणसं घेतात, मतपत्रिकांचे लिफाफे शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांत लावतात. १९८८ च्या कायद्याने पेटी पारदर्शक करण्यात आली. तिला दोन वेगवेगळी कुलपं असतात आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे.

जागेवरच्या मोजणीची ताकद अलीकडे आफ्रिकेत दिसली. गांबियात मतदार उमेदवाराच्या रंगाच्या पिंपात काचेची गोटी टाकतो आणि आत घंटी वाजते. दोनदा वाजली, की दोनदा मत टाकलं हे बाहेर कळतं. मोजताना गोट्या भोकं असलेल्या ट्रेमध्ये रचतात, अथेन्सच्या फळीसारख्याच. डिसेंबर २०१६ मध्ये तिथे प्रथमच केंद्रावर मोजणी झाली आणि २२ वर्षं सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष याह्या जामे निवडणूक हरले. झिम्बाब्वेत २००८ मध्ये प्रत्येक केंद्राचा निकाल बाहेर चिकटवणं बंधनकारक होतं. विरोधकांनी त्या कागदांचे फोटो काढून स्वतःची बेरीज केली.

भारताने ब्रिटिश वाट घेतली, पण अडचणी स्वतःच्या होत्या. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती, तिच्यावर त्याचं चिन्ह. त्यासाठी २० लाखांहून अधिक पोलादी पेट्या लागल्या. त्यांतल्या १२ लाखांहून अधिक विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. निरक्षर मतदाराला ही पद्धत सोपी होती, पण मतपत्रिकेवर काहीच खूण नसे. ती कोणत्या पेटीत सापडली यावर मत ठरायचं. ती पेटीत न टाकता बाहेर नेऊन विकता येत होती. एका पेटीतून काढून शेजारच्या पेटीत टाकली, तर कागदावर पुरावा उरत नव्हता. म्हणून १९६२ पर्यंत देशात बहुतेक सगळीकडे एकच मतपत्रिका आणि त्यावर शिक्का ही पद्धत आली. पुढे केंद्र ताब्यात घेण्याचे प्रकार इतके वाढले, की १९८८ च्या दुरुस्तीने तो स्वतंत्र गुन्हा ठरला. जिथे मतदारांना धमकावण्याची भीती असेल तिथे मतपत्रिका मिसळून मोजण्याची तरतूद निवडणूक नियमांतल्या नियम ५९अ मध्ये झाली.

मतदान यंत्र १९८२ मध्ये केरळमधल्या परवूरला ५० केंद्रांवर वापरलं गेलं. कायद्यात आधार नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते मतदान रद्द ठरवलं. मग कायदा बदलला आणि २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्रं आली. मिनिटाला मोजकीच मतं घेणाऱ्या यंत्रामुळे केंद्र बळकावून धडाधड शिक्के मारणं थांबलं, हा फायदा मोठा आहे. दिलेल्या मताची छापील चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेनला प्रथम वापरलं. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून पडताळणी होते.

या सगळ्या साखळीत मला सर्वांत मोलाची वाटते ती १७सीची प्रत. यंत्र केंद्रातून हलायच्या आधीच आकडा दुसऱ्याच्या खिशात गेलेला असतो. मोजणीच्या दिवशी टेबलापलीकडे बसलेला प्रतिनिधी यंत्रावरचा एकूण आकडा आणि सीलचा क्रमांक आपल्या कागदाशी ताडून बघतो. जुळलं नाही, तर तिथेच बोट ठेवता येतं. अर्थात त्यासाठी मतदानाच्या संध्याकाळी तो कागद घ्यायला केंद्रावर कुणीतरी असावं लागतं. ज्या उमेदवाराला प्रत्येक केंद्रावर माणूस बसवणं परवडत नाही, त्याच्यासाठी ही साखळी तिथेच तुटते.

आणि यंत्र आल्यावर मिसळणं मात्र गेलं. प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळाच निघतो. अनेक यंत्रांची बेरीज एकदम देणारं ‘टोटलायझर’ वापरावं, असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला दुजोरा दिला. ते अजून वापरात आलेलं नाही. आज एखाद्या छोट्या गावात एकच केंद्र असेल, तर त्या गावाने कुणाला किती मतं दिली हे निकालाच्या फॉर्म २० वर कुणालाही वाचता येतं.