वैयक्तिक प्रारण-मात्रामापन

क्ष-किरण, गॅमा किरण, बीटा कण किंवा न्यूट्रॉन यांच्या सान्निध्यात काम करणाऱ्या माणसाला ठरावीक काळात किती प्रारण (रेडिएशन) लागले, म्हणजे त्याची मात्रा (डोस) किती, हे त्याच्या अंगावर लावलेल्या साधनाने मोजण्याची पद्धत. मुंबईत परळच्या इस्पितळांतले एक्स-रे तंत्रज्ञ, कॅथलॅबमधल्या (क्ष-किरणांखाली हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्याच्या खोलीतल्या) परिचारिका, पाइपांच्या वेल्डिंगचे गॅमा किरणांनी फोटो काढणारे रेडिओग्राफर आणि ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांवरचे कर्मचारी यांच्या छातीवर दिसणारा टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर, म्हणजे तापवल्यावर प्रकाश देणारा मात्रामापक) बॅज हे त्याचे सर्वांत परिचित साधन. प्रारण लागताना काहीच जाणवत नाही, त्यामुळे कामगाराच्या बाजूने साक्ष देणारा पुरावा बहुधा हा बॅजच असतो.

भारतात आधी फिल्म बॅज वापरत. उष्ण, दमट हवेत फिल्मवरची नोंद फिकी पडे, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ही अडचण किती मोठी असेल हे वेगळे सांगायला नको. 1975च्या सुमारास भाभा अणुसंशोधन केंद्राने तिच्या जागी टीएलडी आणला. बॅजच्या आत ॲल्युमिनियमची पातळ पट्टी असते आणि तिच्यावर साधारण 13 मिलिमीटर व्यासाच्या तीन पांढऱ्या चकत्या बसवलेल्या असतात. चकत्या टेफ्लॉनमध्ये मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या, म्हणजे जिप्समच्याच कुळातल्या संयुगाच्या. त्यात डिस्प्रोसियम हे मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात घातलेले असते. पट्टीचा एक कोपरा मुद्दाम कापलेला असतो, म्हणजे ती उलटी बसत नाही. एका चकतीवर धातूची गाळणी येते, दुसरीवर प्लास्टिकची, तिसरी उघडीच राहते. कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांना हे संयुग प्रमाणाबाहेर प्रतिसाद देते. म्हणून तिन्ही चकत्यांच्या नोंदींचे गुणोत्तर पाहून किरण कोणत्या प्रकारचे होते ते ताडतात आणि मग मात्रा काढतात.

प्रारणाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांमध्ये अडकून राहतात. प्रयोगशाळेत चकती तापवली की ते मोकळे होतात आणि मंद प्रकाश बाहेर पडतो. प्रकाश जितका जास्त, तितकी मात्रा जास्त. या तापवण्यातच नोंद पुसली जाते. चकती पुन्हा वापरता येते, पण तेच वाचन दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हणून प्रकाशाचा आलेख संगणकात जपून ठेवतात.

मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये, म्हणजे प्रारणाचा शरीरावरचा परिणाम धरून मोजणाऱ्या एककात, सांगतात. अणुऊर्जा नियामक परिषदेने (स्थापना 1983, मुख्यालय अणुशक्तिनगर) कामगारांसाठी सलग 5 वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात कमाल 30 मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका वर्षाची मुभा 50 पर्यंत आहे, म्हणजे आपला नियम अधिक कडक आहे. सामान्य नागरिकासाठी मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट.

बॅज वापरायची रीत सोपी आहे, आणि घोळ होतो तो नेमका तिथेच. तो छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा. एप्रनवरच लावला तर शरीराला न लागलेली मात्रा कामगाराच्या नावावर चढते. ड्युटी संपल्यावर एप्रन बॅजसकट एक्स-रे खोलीतच टांगून ठेवला, तर पुढच्या प्रत्येक एक्स-रेचे विखुरलेले किरण त्यात जमा होतात. याहून घातक म्हणजे नोंद वाढू नये म्हणून बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून काम करणे. आकडा शून्य येतो, शरीराला लागायचे ते लागतेच. एकाचा बॅज दुसऱ्याने लावणेही तितकेच चूक. संस्थेत एक ‘कंट्रोल’ बॅज प्रारणापासून दूर ठेवतात. निसर्गातून आणि प्रवासात मिळालेली मात्रा त्यावरून वजा करतात. तो हरवला किंवा एक्स-रे खोलीत राहिला, तर सगळ्यांचेच हिशेब बिघडतात.

बॅज सहसा तीन महिन्यांनी बदलतात, त्यामुळे अपघात झाला तर तो त्याच क्षणी सांगणार नाही. औद्योगिक रेडिओग्राफीत गॅमा किरण देणारा इरिडियम-192चा स्रोत कॅमेऱ्यात (स्रोत ठेवायच्या जाड कवचाच्या पेटीत) परत न येता नळीतच अडकू शकतो. अशा वेळी हाती इशारा देणारा इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर आणि आसपासचे प्रारण तिथल्या तिथे दाखवणारा सर्व्हे मीटरच हवा. किरणांजवळ हात न्यावे लागणाऱ्यांना मनगटी बॅज देतात, न्यूट्रॉनसाठी वेगळा बॅज असतो. श्वासावाटे किंवा तोंडावाटे शरीरात गेलेले किरणोत्सारी द्रव्य मात्र कोणताच बॅज पुरेसे सांगू शकत नाही. त्यासाठी लघवीची तपासणी आणि संपूर्ण शरीराचे मापन करावे लागते.

अहवालात मोठा आकडा आला की चौकशी होते: मात्रा खरोखर माणसाला लागली, की नुसत्या बॅजला? शंका मोठी असेल तर रक्तपेशींमधल्या गुणसूत्रांचे बिघाड मोजतात. देशभरातल्या कामगारांच्या मात्रांची मध्यवर्ती नोंद भाभा अणुसंशोधन केंद्रात ठेवतात. कामगाराचा वैयक्तिक क्रमांक कायम राहतो, म्हणून नोकरी बदलताना त्याने तो नव्या संस्थेला कळवावा. कंत्राटावर ठिकठिकाणी फिरणाऱ्या रेडिओग्राफरच्या बाबतीत हे सर्वांत महत्त्वाचे, कारण 5 वर्षांची बेरीज त्याची एकट्याची असते, कंत्राटदाराची नव्हे.