बालकांमधील न्यूमोनिया

फुप्फुसांतील वायुकोशांना जंतुसंसर्गाने येणारी सूज. पाच वर्षांखालील मुलांत ती झपाट्याने बळावते. सुरुवात बहुधा साध्या सर्दीने होते. विषाणू श्वसनमार्गाचे अस्तर दुखावतात आणि घशात आधीच वस्तीला असलेल्या न्यूमोकोकस जिवाणूला खाली उतरायला वाट मिळते. वायुकोशांत द्रव व पू साठून फुप्फुस ताठर होते. खोल श्वास जमत नाही म्हणून मूल उथळ, भराभर श्वास घेऊ लागते.

त्यामुळे पहिली तपासणी स्टेथोस्कोपने नव्हे, घड्याळाने होते. मूल शांत असताना झबले वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, पुढे वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धाप. रडताना मोजलेला आकडा फसवा. पंधरा सेकंद मोजून चौपट केलेलाही, कारण तान्ह्याची लय एकसारखी नसते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी दायांसाठी मणी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधन केले होते: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा.

आजार वाढला की श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, नाकपुड्या फुलतात. मूल कण्हते, ते दुखण्यामुळे असेलच असे नाही, स्वरयंत्र अर्धवट मिटून ते वायुकोश उघडे ठेवू पाहत असते. ओठ निळसर पडणे हे उशिराचे लक्षण, म्हणून रक्तातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर हवाच; त्याचा आकडा ९० टक्क्यांखाली असेल, तर प्राणवायू द्यावा लागतो. सर्वांत घातक गैरसमज पुढचा आहे. दमलेल्या मुलाचा श्वास मंदावतो आणि घरच्यांना उतार पडल्यासारखे वाटते. मूल पीत नसेल, सुस्त असेल, तर तो उतार नव्हे. दोन महिन्यांखालील बाळाला ताप-खोकला नसूही शकतो. ते दूध सोडते, गार पडते. अशा बाळाला, तसेच झटके येणाऱ्या किंवा सगळे ओकून टाकणाऱ्या मुलाला थेट रुग्णालयात न्यावे.

दोन महिन्यांवरच्या मुलाला फक्त धाप असेल, तर वजनानुसार अमॉक्सिसिलिन दिवसातून दोनदा, पाच दिवस पुरते. खोकल्याच्या औषधाने वायुकोशांतला पू हटत नाही. दोन-तीन दिवसांत श्वास मंदावून मूल पिऊ-खाऊ लागते, खोकला मात्र काही आठवडे रेंगाळतो. त्या दोन-तीन दिवसांत ताप हटला नाही, तर फुप्फुसाभोवती पू साठल्याची शंका घेऊन एक्स-रे काढतात.