एका फॉस्फेटच्या जोरावर

जुलाब-उलट्या होऊन गेल्या की घरात पेज, मऊ भात, ताक सुरू होतं आणि काही दिवसांत पोट ठिकाणावर येतं. त्या दिवसांत आतड्यात काय चाललेलं असतं, हे समजल्यापासून मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

प्रौढ माणसाच्या शरीरात अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू असतात, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. बाहेरून साल्मोनेलासारखा जंतू शिरला की आतड्याचं अस्तर सुजतं, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जिवाणूंना मारणारी छोटी प्रथिनं, म्हणजे पेप्टाइडं, मोठ्या प्रमाणात स्रवू लागतात. या पेप्टाइडांना घरचा कोण आणि परका कोण हे ओळखता येत नाही. मग वर्षानुवर्षं तिथे राहणारे जिवाणू या माऱ्यात मरून का जात नाहीत?

आधी हा मारा कसा होतो ते पाहू. पेप्टाइडांवर धनभार असतो. अनेक जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात ‘लिपिड ए’ नावाचा स्निग्ध रेणू असतो, आणि त्यावर सहसा दोन फॉस्फेट असतात. फॉस्फेटचा भार ऋण. त्यामुळे पेप्टाइड तिकडे ओढलं जातं, चिकटतं, आवरण फाडतं आणि जिवाणू मरतो.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अँड्र्यू गुडमन यांच्या गटाने 2015 मध्ये बॅक्टेरॉइडीस थीटायोटाओमायक्रॉन या आपल्या पोटातल्या नेहमीच्या रहिवाशाचा अभ्यास मांडला. भाज्या-डाळींमधला जो चोथा आपल्याला पचत नाही, त्यातली बरीचशी शर्करा हा फोडतो. त्याने केलंय एवढंच, की लिपिड ए वरचा एक फॉस्फेट काढून टाकलाय. ते काम करणारं त्याचं जनुक संशोधकांनी उडवलं, तर पेप्टाइडांसमोर टिकण्याची त्याची ताकद सुमारे 10 हजार पटींनी घटली. एका फॉस्फेटने एवढा फरक!

त्याहून बोलका प्रयोग उंदरांवरचा. जनुक असलेले आणि नसलेले, दोन्ही जिवाणू एकाच आतड्यात सुखाने नांदत होते. मग उंदरांना आतड्याचा संसर्ग दिला. दाह सुरू झाल्यावर जनुक नसलेले हटले, जनुक असलेल्यांनी जागा धरून ठेवली. म्हणजे ही सोय शांततेच्या काळात कामाची नसते, ती लागते दुखण्यात.

(दवाखान्यात शेवटचा उपाय म्हणून वापरतात ते कोलिस्टिन हे प्रतिजैविकही असंच धनभारित पेप्टाइड. चीनमध्ये 2015 मध्ये जिवाणूंत सापडलेलं एमसीआर-1 हे जनुक त्याच फॉस्फेटवर झाकण बसवतं, आणि औषध चिकटेनासं होतं. म्हणून त्याची धास्ती.)

साल्मोनेलाची तऱ्हा वेगळी. त्याला दाह हवाच असतो. पांढऱ्या पेशी जे तिखट ऑक्सिजन-रेणू सोडतात, त्यांतून टेट्राथायोनेट नावाचं गंधकाचं संयुग तयार होतं आणि साल्मोनेला ते श्वसनासाठी वापरून भराभर वाढतो.

शिवाय दाहात शरीर लोहही लपवतं. साल्मोनेला आपले लोह पकडणारे रेणू बाहेर सोडून ते मिळवतो. बॅक्टेरॉइडीसला असे रेणू बनवता येत नाहीत. पण 2020 मध्ये उंदरांत दिसलं, की तो साल्मोनेलाने सोडलेले हेच रेणू लोहासकट उचलतो आणि दाह ओसरेपर्यंत त्यावर गुजराण करतो.