मोकळा वेळ म्हणजे खात्रीचा वेळ

रात्री साडेनऊला साहेबांचा मेसेज येतो : ‘तो अहवाल कुठवर आलाय?’ साहेबांना खरं तर घाई नसते. डोक्यात आलं म्हणून विचारून टाकलं, उत्तर उद्या आलं तरी चालणार असतं. वाचणाऱ्याला मात्र आत्ताच उत्तर द्यावंसं वाटतं. लॉरा जुर्जे आणि व्हेनेसा बोन्स या संशोधकांनी २०२१ मध्ये हाच फरक तपासला. कामाच्या वेळेबाहेर आलेल्या, तातडी नसलेल्या ईमेलला किती लवकर उत्तर अपेक्षित आहे, याचा वाचणाऱ्याचा अंदाज सतत चुकत होता. पाठवणाऱ्याला अपेक्षा असते त्याहून लवकर उत्तर द्यायला हवं, असं त्याला वाटत होतं आणि त्याचा ताणही येत होता. त्यांनी सुचवलेला उपाय एका ओळीचा आहे : ‘घाई नाही, सवडीने कळवा’ असं मेसेजमध्येच लिहून टाकायचं. त्यासाठी पैसा लागत नाही की धोरण लागत नाही. तरी ही ओळ क्वचितच लिहिली जाते, याचं मला वाईट वाटतं.

काम आणि घर यांचा तोल ही कर्मचाऱ्याची खाजगी शिस्त आहे, असं आपण धरून चालतो. लवकर उठावं, फोन बाजूला ठेवावा, ध्यान करावं. पण शरीर विश्रांती कशी घेतं हे पाहिलं, की या तोलाचा मोठा भाग मालकाच्या आणि वरिष्ठांच्या हातात आहे हे लक्षात येतं.

काम करताना हृदयाची गती वाढते, अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं वाढतात, लक्ष एकवटतं. यात वाईट काही नाही. मेयमन आणि मुल्डर या डच मानसशास्त्रज्ञांनी मांडलेला मुद्दा असा, की काम थांबल्यावर या यंत्रणा पुन्हा मूळ पातळीवर आल्या तर थकवा भरून निघतो. त्या पातळीवर येण्याआधीच नवा भार पडत राहिला, तर थकवा साचतो. म्हणजे खुर्चीतून उठणं पुरेसं नाही, डोक्यानेही काम सोडायला हवं. जर्मन मानसशास्त्रज्ञ सबिने सोनेनटाग यांनी या ‘मनाने कामापासून सुटण्यावर’ अनेक वर्षं संशोधन केलं आहे.

आणि मन सुटायला खात्री लागते. यान डेटमर्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच त्या कर्मचाऱ्यांचे दोन प्रकारचे दिवस ताडून पाहिले : कामाच्या वेळेनंतरही उपलब्ध राहायचं होतं ते आणि पूर्ण मोकळे होते ते. उपलब्ध राहण्याच्या दिवसांनंतर सकाळी उठताना मनःस्थिती खालावलेली आणि कॉर्टिसोल वाढलेलं आढळलं. अशा वेळेला मोकळा वेळ म्हणताच येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. माझ्या मते हिशेबाच्या वहीतही तो वेळ तसाच दिसायला हवा. ज्याला फोनवर तयार राहायला सांगितलंय, त्याची ती पाळी आहे. ती आधीपासून ठरलेली असावी, आळीपाळीने यावी आणि तिचा मोबदला मिळावा. उरलेल्यांनी फोन बंद ठेवला तर कुणी भुवई उंचावू नये.

तासांचा प्रश्न तर आहेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अंदाजानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो. एवढं करून काम तरी जास्त होतं का? पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी जॉन पेन्कावेल या अर्थतज्ज्ञाने पुन्हा तपासल्या. आठवड्याला ७० तास राबूनही उत्पादन ५६ तासांच्या कामापेक्षा फारसं जास्त निघत नव्हतं.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे आपल्या वेळेवर आपला ताबा. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या माहिती-तंत्रज्ञान विभागात समाजशास्त्रज्ञ फिलिस मोएन, एरिन केली आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काही गट निवडले. त्या गटांना कधी आणि कुठून काम करायचं ते ठरवू दिलं आणि त्यांच्या वरिष्ठांना माणसांच्या घरच्या अडचणी समजून घ्यायचं प्रशिक्षण दिलं. या गटांत कामाने पिचून जाण्याचं प्रमाण घटलं, नोकरीचं समाधान वाढलं. ज्यांना जागेवर हजर राहावंच लागतं, उदाहरणार्थ दुकानातले विक्रेते, त्यांच्यासाठी पाळ्यांचं वेळापत्रक दोन आठवडे आधी हातात पडणं आणि ते ऐनवेळी न बदलणं हाच ताबा. मुलाला शाळेतून कोण आणणार, हे त्यावरच ठरतं.

याउलट ताण हाताळण्याचे वर्ग, ध्यानाची अॅप, मनोबलाची व्याख्यानं यांवर कंपन्या हौसेने खर्च करतात. विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, तेव्हा अशा बहुतेक उपक्रमांत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा सुखी दिसले नाहीत. कामाचा भार तसाच ठेवून श्वास मोजायला शिकवलं, तर वेगळं काय होणार?

रजेचंही तसंच आहे. रजा मंजूर होते, पण तेवढ्या दिवसांचं काम कोण बघणार हे ठरत नाही. मग माणूस निघण्याआधी दुप्पट राबतो, रजेत मेल चाळतो आणि परतल्यावर साचलेला ढीग उपसतो. रजेच्या अर्जावरच ‘या काळात काम कोणाकडे’ असा रकाना ठेवावा, आणि तो भरायची जबाबदारी वरिष्ठाची असावी.