पट्टेदार बास: सोडलेल्या माशाचा हिशेब

मे 2024 पासून अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, महासागराच्या बाजूला, हौशी मच्छीमाराला दिवसाला एकच पट्टेदार बास घरी नेता येतो. तोही 28 ते 31 इंच (71 ते 79 सें.मी.) लांबीचाच. मेरिलँड आणि व्हर्जिनिया राज्यांलगतच्या चेसापीक उपसागरात हीच मर्यादा 19 ते 24 इंच आहे. याहून लहान किंवा मोठा मासा गळाला लागला तर तो सोडून द्यायचा. तीन इंचांच्या या फटीमागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे. आजचा वाद मात्र ठेवलेल्या माशापेक्षा सोडलेल्या माशाचाच जास्त आहे.

जुना भाग थोडक्यात. 1973 मध्ये व्यापारी मासेमारीत सुमारे 6,800 टन बास उतरला होता. दहा वर्षांत तो 1,600 टनांच्या आसपास आला. 1981 मध्ये पहिला व्यवस्थापन आराखडा झाला, पण तो पाळण्याचे बंधन कोणावर नव्हते. 1984 च्या संघीय कायद्याने चित्र बदलले. जे राज्य आराखडा पाळणार नाही, तिथली बासची मासेमारीच केंद्राला बंद करता येऊ लागली. 1985 पासून मेरिलँड आणि डेलावेअरने संपूर्ण बंदी घातली. इतर राज्यांनी किमान लांबी वर्षागणिक वाढवत नेली. हेतू एकच होता. 1982 साली जन्मलेल्या पिढीतल्या 95 टक्के माद्यांनी निदान एकदा अंडी घालेपर्यंत ती पिढी गळापासून आणि जाळ्यापासून लांब राहावी.

बंदी कधी उठवायची, हे आधीच ठरवून ठेवले होते. मेरिलँडमध्ये 1954 पासून दर उन्हाळ्यात पिल्लांची मोजणी होते. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये ठरलेल्या 22 जागी 100 फूट लांबीचे, पाव इंच आसाचे ओढजाळे काठाकडे ओढतात. प्रत्येक जागी दर खेपेला दोन ओढी, म्हणजे वर्षाला 132. एका ओढीत त्या वर्षीची सरासरी किती पिल्ले आली, तो त्या वर्षीचा निर्देशांक. सलग तीन वर्षांची सरासरी 8 च्या वर गेली की मासेमारी खुली, असा नियम होता. 1989 साली एकट्या त्या वर्षाचा आकडा 25.2 आला आणि 1990 मध्ये मर्यादित मासेमारी सुरू झाली. 1995 मध्ये साठा सावरल्याचे जाहीर झाले.

हे 1995 साल पुढे मोजपट्टीच होऊन बसले. त्या वर्षी अंडी घालण्याजोग्या माद्यांचे जेवढे एकूण वजन होते, ती किमान पातळी. त्याच्या सव्वापट म्हणजे लक्ष्य. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात 2017 चा साठा सुमारे 68,500 टन निघाला, तर किमान पातळी 91,400 टनांच्या घरात होती. त्या मूल्यमापनात दोन निष्कर्ष होते, आणि मराठीत दोन्हींना सर्रास ‘अतिमासेमारी’ म्हटले जाते. एक, साठा किमान पातळीखाली आहे. दोन, मारण्याचा वेग मर्यादेपेक्षा जास्त आहे. पहिली गोष्ट खात्यातली शिल्लक आहे, दुसरी खात्यातून पैसे काढण्याचा वेग. वेग आज आवरला तरी शिल्लक भरायला वर्षे जातात. 2024 च्या आढाव्यात नेमके हेच दिसले: वेग मर्यादेत आलेला, साठा मात्र अजूनही पातळीखाली.

नावात बास असला तरी आपल्या जिताड्यावरून याचा अंदाज बांधू नये. जिताडा अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे उतरतो. पट्टेदार बास हिलशासारखा समुद्रातून गोड्या पाण्याकडे चढतो. मादी उशिरा वयात येते. सहाव्या वर्षी निम्म्याही माद्या तयार नसतात, नवव्या वर्षापर्यंत सगळ्या होतात. सहा वर्षांची मादी साधारण 5 लाख अंडी घालते, पंधरा वर्षांची 30 लाखांच्या आसपास. अंडी तळाला टेकली तर गुदमरतात. फुटेपर्यंत, साधारण दोन दिवस, त्यांना तरंगत ठेवायला नदीला ओढ हवी. हिवाळा उबदार गेला आणि वसंतात नदीचे पाणी कमी पडले की गाभोळी भरलेल्या माद्या कितीही असोत, पिल्ले हाती लागत नाहीत.

म्हणून 2019 च्या मूल्यमापनानंतर एकूण मृत्यू 18 टक्क्यांनी कमी करायचे ठरले आणि 2020 पासून महासागरी भागात 28 ते 35 इंच अशी दुहेरी मर्यादा आली. त्याआधी फक्त किमान मर्यादा होती, म्हणजे मासेमारीचा सगळा भार मोठ्या माद्यांवर पडत असे. महाराष्ट्रातही किमान लांबीचेच नियम आहेत. मोठ्या माशाला वरून संरक्षण देण्याची कल्पना आपल्याकडे अजून रुजलेली नाही आणि ती रुजायला हवी.

पण लांबीची अशी खिडकी लावली की एखादी पिढी वाढता वाढता तिच्यासमोरून जाते, आणि जाताना सापडते. 2015 ची पिढी ही अलीकडची भरघोस पिढी. त्या वर्षी निर्देशांक 24.2 होता. 2022 मध्ये त्या पिढीतले मासे 28 ते 35 इंचांत आले आणि हौशी मच्छीमारांनी घरी नेलेल्या माशांची संख्या 2021 च्या जवळजवळ दुप्पट झाली. 2029 पर्यंत साठा लक्ष्यापर्यंत नेण्याची शक्यता 2021 चा वेग धरून 97 टक्के निघाली होती. 2022 चा वेग धरला तर ती 15 टक्क्यांच्या खाली आली. मे 2023 मध्ये तातडीचा उपाय म्हणून वरची मर्यादा 31 इंचांवर आणली गेली. लोकांची मते मागवण्याआधीच हा निर्णय लागू झाला म्हणून भाड्याच्या बोटी चालवणारे संतापले. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण मते मागवत बसलो असतो तर तेवढ्यात पुढचा हंगाम निघून गेला असता.

आता सोडलेल्या माशांकडे. 2017 मधल्या एकूण मृत्यूंत व्यापारी मासेमारीचा वाटा जेमतेम 10 टक्के होता. हौशी लोकांनी ठेवलेले मासे 42 टक्के. उरलेले 48 टक्के म्हणजे सोडल्यावर मेलेले मासे. त्या वर्षी सुमारे 3 कोटी 80 लाख मासे परत सोडले गेले. त्यातले 9 टक्के मरतात असे धरले तर आकडा 34 लाखांवर जातो. 9 हा आकडा मॅसॅच्युसेट्समधल्या एका खाऱ्या तळ्यातल्या प्रयोगातून आला आहे. त्याच प्रयोगात परिस्थिती बदलली की अंदाज 3 पासून 26 टक्क्यांपर्यंत हलत होता. गळ कुठे रुतला, एकेरी होता की तिहेरी, मच्छीमार किती सरावलेला, यावर सगळे अवलंबून. संपूर्ण किनाऱ्याला, बारा महिन्यांना एकच 9 टक्के लावणे ही सोय आहे. सरासरीसाठी ती चालते, जुलैमधल्या चेसापीकसाठी चालत नाही.

कारण उन्हाळ्यात तिथे बासची दोन्हीकडून कोंडी होते. वरचे पाणी तापलेले, खालच्या थंड पाण्यात प्राणवायू नाही. दोरीशी झुंजून स्नायूंत आम्ल साठलेला मासा हवेत मिनिटभर धरून फोटो काढला, की पाण्यात सोडल्यावर तो शेपूट हलवत निघून गेलेला दिसतो आणि काही तासांनी तळाशी मरतो. मेरिलँडमध्ये हवेचे तापमान 95 अंश फॅरनहाइटपर्यंत (35 अंश सेल्सियस) जाण्याचा अंदाज असेल त्या दिवशी सकाळी दहानंतर बासच्या मागे जाऊ नका, असा सल्ला देतात. अर्थात हा सल्लाच, सक्ती नव्हे.

2021 पासून आमिष लावताना वर्तुळाकार गळ सक्तीचा झाला. त्याचे टोक दांड्याकडे काटकोनात वळलेले असते, आणि दांडा व टोक एकाच पातळीत असावे लागतात. तिरकस वळवलेला चालत नाही. माशाने आमिष गिळले तरी दोरी हळूहळू ताणली की गळ घशातून घसरत जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. इथेच नवशिक्यांची चूक होते. सवयीप्रमाणे ते काठीला झटका देतात, आणि गळ रुतण्याआधीच तोंडाबाहेर येतो. मग वैतागून जुना जे-आकाराचा गळ बाहेर निघतो. तो गिळला गेला तर पोटात किंवा कल्ल्यात रुततो. अशा वेळी गळ उपसू नये, दोरी तोंडाजवळ कापावी. नियमातही पळवाट राहिली. कृत्रिम आमिषाला किडा लावला तर ते ‘आमिष’ धरायचे की नाही, यावर वाद झाला आणि मार्च 2021 मध्ये त्याला सूट मिळाली.

यामुळे सगळा पेच एका शब्दावर येऊन थांबतो: बंद. हंगाम बंद म्हणजे मासा ठेवायला बंदी, की त्याच्या मागे जायलाच बंदी? पहिल्या प्रकारात लोक येतात, पकडतात, सोडतात, आणि 9 टक्के (किंवा जुलैत त्याहून जास्त) मरतात. दुसऱ्या प्रकाराने हे मृत्यू खरोखर टळतात, पण अंमलबजावणी करणाऱ्यांचा आक्षेप खरा आहे: एकाच पाण्यात, त्याच गळाने ब्लूफिश हा दुसरा मासाही लागतो. काठावर उभा असलेला माणूस ‘मी ब्लूफिशसाठी आलोय’ म्हणाला तर त्याचा हेतू कोर्टात सिद्ध कसा करायचा? आपल्याकडच्या 1 जून ते 31 जुलैच्या बंदीला हा प्रश्न पडत नाही, कारण यांत्रिक नौका बंदरात आहे की नाही हे धक्क्यावरून दिसते. हातातल्या काठीचा हेतू कुठूनही दिसत नाही.

तरीही 2025 च्या उन्हाळ्यापर्यंत मेरिलँडने 16 ते 31 जुलै या काळात बासच्या मागे जाण्यावर बंदी घातली होती. सिद्ध करणे अवघड असले तरी अशा बंदीच्या काळात भाड्याच्या बोटी बासची जाहिरात करू शकत नाहीत, आणि बरेच लोक नियम आहे म्हणूनच घरी राहतात. अंमलबजावणी शंभर टक्के होणार नाही म्हणून बंदीच नको, हे म्हणणे आम्हाला पटत नाही. 9 टक्क्यांचा आकडा तरी कुठे शंभर टक्के खरा आहे?

त्याच 22 जागांवरचे ओढजाळे 2019 पासून दर वर्षी लांबपल्ल्याच्या सरासरीच्या, म्हणजे साधारण 11 च्या, बऱ्याच खाली येते आहे: 3.4, 2.5, 3.2, 3.6, 1.0, 2.0 आणि 2025 मध्ये 4.0. ज्या नियमाने 1990 मध्ये मासेमारी खुली झाली, त्यातला 8 चा आकडा या सातांपैकी एकाही वर्षाने गाठलेला नाही. 2015 च्या पिढीतल्या माद्या आता 31 इंचांच्या वर सरकल्या आहेत. येत्या वसंतांत नदी चढणाऱ्या माद्यांत मोठा वाटा त्यांचाच असेल, आणि उन्हाळ्यात गळाला लागून सोडल्या जाणाऱ्यांतही.